कुटता कुटता धातूची काच

खलबत्त्यात वेलदोडे कितीही कुटले तरी बारीक होण्यापलीकडे त्यांचे काही होत नाही. धातूचे मात्र तसे नाही. आपल्या वैद्यांना याची चुणूक फार पूर्वीच लागली होती. पारा व गंधक खलात घोटता घोटता काळीभोर कज्जली होते, चूल पेटवावीच लागत नाही.

शास्त्रज्ञांचा खल म्हणजे पोलादी डबा. त्यात कठीण गोळ्या आणि धातूंची पूड घालून तो तासन्‌तास घुसळतात. दोन गोळ्यांत सापडलेला कण पापडासारखा चेपतो, शेजारच्याला चिकटतो, कडक होऊन तुटतो आणि पुन्हा चिकटतो. वरून पाहणाऱ्याला ही नुसती धुसफूस वाटेल. खरी उलथापालथ कणाच्या पोटात चालते. धातूचे अणू कवाइतीतल्या शिपायांसारखे ओळीने उभे असतात. निकेलचे पाहा: घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक, सहा बाजूंच्या मध्यावर एकेक. दणक्यागणिक या ओळी घसरतात, मोडतात. लोखंडाची पूड पुरेशी कुटली, की एकेका कणात मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे असंख्य स्फटिक दाटीवाटीने बसतात. कण मात्र त्याहून कितीतरी मोठाच राहतो!

1966 च्या सुमारास अमेरिकेत जॉन बेंजामिन यांनी ही युक्ती जेट इंजिनांसाठी वापरली. वितळलेल्या निकेलमध्ये ऑक्साइडचे बारीक कण सारखे पसरेनात, म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र कुटले. या मिश्रणापासून केलेला धातू प्रखर उष्णतेतही बळकट राहतो.

याहून नवल पुढे घडले. पॉल ड्यूवेझ यांनी 1960 मध्ये सोने व सिलिकॉन यांचा रस विलक्षण वेगाने थिजवून अणूंना रांग धरायला सवडच दिली नव्हती. काचेसारखा विस्कळीत धातू तयार झाला. 1983 मध्ये कार्ल कॉख व सहकाऱ्यांनी निकेलचे 60 व नायोबियमचे 40 अणू या प्रमाणात पूड घेऊन ती केवळ कुटली. क्ष-किरणांच्या चित्रातल्या स्फटिकांच्या तीक्ष्ण रेषा मावळल्या, पसरट उंचवटा तेवढा उरला. रस न करताच काच!

यातही पाट्यावरच्या वाटणाची जुनी खोड आहेच. वाटणात पाट्याची कच यावी, तसे गोळ्यांचे लोखंड पुडीत उतरते. हवेतला प्राणवायूही चिकटतो, म्हणून डब्यात पुष्कळदा आर्गॉन वायू भरतात. आणि एवढ्या खटाटोपाने मोडलेली रांग, पूड पुरेशी तापवली की अणू पुन्हा धरू लागतात.