मागची काच पुढे

पहाटे ५.२०

शटर अर्धंच वर करतो आणि दिवा लावायच्या आधी कान देतो. बारा-तेरा एअर पंपांची भुणभुण एकसुरी असेल तर रात्र बरी गेली. मधेच कुठे ‘टप्’ ऐकू आलं तर चहा राहिला बाजूला. लोक म्हणतात टाकी फुटली. डोंबिवलीत मी सव्वीस वर्षं माशांच्या टाक्या बनवतोय, त्यातल्या खरोखर फुटलेल्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या पाझरल्या. आधी सांध्याबाहेर क्षाराची पांढरी रेघ उमटते, मग खालची फळी फुगते, मग मला फोन येतो. रेघ दिसली तेव्हाच फोन आला असता तर निम्मी कामं निघालीच नसती. धंद्याच्या दृष्टीनं बरंच आहे म्हणा.

५.४५

गच्चीवर एक अडीच फुटी टाकी थर्माकोलवर बसवून ठेवली आहे. गेल्या रविवारी तिचे सगळे सांधे सोडवून पुन्हा जोडले. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आत वाळत जातं. वरून बोटाला कोरडं लागलं की पाणी भरणारे लोक मला माहीत आहेत, एके काळी मीही त्यातलाच. नाक आत घालून हुंगलं. व्हिनेगरसारखा आंबूस वास पार गेलेला. टाकीखाली वर्तमानपत्र, चारी बाजूंनी चार-चार बोटं बाहेर आलेलं. नळ जायच्या आत पाइप लावून गळ्यापर्यंत भरली आणि कागदाच्या कडेवर बॉलपेननं वेळ टाकली. ओल पकडायला वर्तमानपत्रासारखा दुसरा मुकादम नाही.

६.२५

कुर्ला. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत माघारी फिरायचं असतं, त्यामुळे रविवारच्या मासळीबाजारात (खायच्या नव्हे, बघायच्या) मी फार रेंगाळत नाही. ऑक्सिजन भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या, कोलकात्याचा माल, चेन्नईचा माल, आणि दर दोन माणसांमागे एक जण फ्लॉवरहॉर्नच्या कपाळाच्या उंचवट्यावर वाद घालणारा. मोली घेतल्या, गप्पी घेतले, निघालो.

परतीच्या गाडीत फोटो आला. एका मुलाच्या टाकीच्या तळाला आडवा तडा. ‘काका, वरून सिलिकॉन मारलं तर चालेल ना?’ नाही चालणार. तडा गेला म्हणजे एका काचेच्या दोन काचा झाल्या. चारही भिंती तळावर उभ्या असतात, तळ बदलायचा म्हणजे सगळं घर उतरवायचं. दोन फुटी साध्या टाकीसाठी एवढा उपद्व्याप करू नये. ‘नवी घे,’ असं लिहिलं. पुढून रडका चेहरा आला.

९.१५

मुलुंड. इथे नेमकं उलटं. चार वर्षं बाल्कनीत कोरडी पडलेली टाकी, काच दुधासारखी पांढरी, आणि ताई म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाकते. मी आधी काचेकडे बघतच नाही. आतल्या कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या पट्टीत अंगठ्याचं नख रोवतो. नख दबून पट्टी पुन्हा वर आली तर जीव आहे. भुगा पडला, किंवा पट्टीची कड सालासारखी उचलली गेली, तर नाही. ही वर आली. मग दोन काचांमधला सांधा बाजूनं उजेडात धरून बघितला. काळी किंवा चंदेरी जीभ आत सरकलेली असेल तर तिथे पकड सुटलेली असते. तशी नव्हती.

पांढरं सगळं बोअरच्या पाण्याचे क्षार. व्हिनेगरमध्ये भिजवलेले कागद काचेला चिकटवून अर्धा तास ठेवले आणि मग ब्लेड फिरवलं, सांध्यापासून बोटभर लांबून. सांध्याला ब्लेड लागलं की चांगली टाकी आपणच बिघडवली. ताईंना म्हटलं, ‘तीन दिवस बाथरूममध्ये भरून ठेवा, थेंब आला नाही तर मासे सोडायचं बघू.’ आणि बघू म्हणजे लगेच नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार-सहा आठवडे जातात. टाकी जुनी असो की नवी, एकदा सुकली की ही वस्ती पहिल्यापासून. शेजाऱ्यांच्या चालू फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणला तर थोडं लवकर जमतं.

११.१०

डोंबिवली पश्चिम, तिसरा मजला. आजचं खरं काम हे.

गॅलरीत कांदे-बटाट्यांनी भरलेली लोखंडी चौकटीची टाकी. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. कांदे उपसले तर तळाला काच नाहीच, काळ्या कडप्प्याची फरशी. अँगलचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून जोडलेले, वेल्डिंग घासून इतकं सपाट केलेलं की सांधा बोटाला लागत नाही.

‘आमच्या ह्यांनी केलीय,’ काकू म्हणाल्या. ‘लग्न झाल्यावर चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय बघायला गेलो होतो. त्यानंतर महिनाभर ह्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. १९७४ साल.’

त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘भाऊ, खरं सांगा. हिच्या दुरुस्तीच्या पैशांत झाकण, लाइट, फिल्टर सगळं आलेली नवी येईल की नाही?’

येईल. मी म्हटलं तसं. ‘आणि ही पूर्ण उघडून करायची तर मजुरी धरून खर्च जवळपास तेवढाच जाईल.’ हे आधीच सांगितलेलं बरं. जुनं म्हणजे स्वस्त, हा समज घेऊन बसलेल्या माणसाचं काम हातात घेऊ नये.

मग बसून नीट बघितली. असल्या टाक्यांत सिलिकॉन नसतं, लांबी असते. खडूची पूड आणि जवसाचं तेल. पाण्याचा रेटा काचेला बाहेर, लांबीवर दाबून धरतो, म्हणून भरलेली टाकी वर्षानुवर्षं गळत नाही. रिकामी ठेवली की लांबी सुकते, आकसते, दगड होते. ही वीस वर्षं रिकामी. पेचकसाचं टोक लावलं तर बिस्किटासारखा तुकडा निघाला, आतून तांबूस. शेंदूर घातलेली लांबी. शेंदूर म्हणजे शिसं, तेव्हा ही कोरडी घासायची नाही. ओली करून, तोंडाला फडकं बांधून पटाशीनं काढायची, आणि पोरांना त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही.

लोखंडाचा गंज वरवरचा होता, खालच्या एका कोपऱ्यात मात्र खपल्या निघत होत्या. हातोडीनं हलके ठोकून बघितलं. आवाज भरीव आला. तारेचा ब्रश, रेड ऑक्साईडचे दोन हात, भागेल.

काच पाव इंची, म्हणजे सहा मिलिमीटर. एवढ्या टाकीत १९० लिटर पाणी मावतं आणि पुढच्या काचेवर साधारण ९५ किलोचा रेटा येतो. चौकट नसती तर मी दहा मिलिमीटर लावली असती. टाकी लांब केली तर दर फुटाचा रेटा तोच राहतो. उंची दुप्पट केली तर तो चौपट होतो. लोकांना मात्र लांब टाकीची भीती वाटते, उंच टाकीची वाटत नाही.

पुढच्या काचेवर एक ओरखडा होता, खालच्या तिसऱ्या भागात, वाळूत फिरवलेल्या घासणीचा असणार. बोटाला न लागणारा ओरखडा पॉलिशनं जातो, वेळ खातो पण जातो. यात नख अडकलं. नख अडकलं की काच बाद, ती कुठल्या दिवशी तिथून तडकेल याचा भरवसा नाही.

‘पुढची काच नवी टाकू,’ मी म्हटलं.

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग मासा वाकायचा नाही?’

मला कळलं नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, टाकीच्या डाव्या अंगाला, आणि पलीकडून उलथणं आडवं धरून हळूहळू सरकवलं. काचेमागून जाताना उलथण्याचा दांडा मधेच किंचित वर उचलला गेला आणि पुन्हा सरळ झाला. तेव्हाची काच ओढून काढलेली, अंगात लाटा असलेली. वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट केलेली फ्लोट काच आपल्याकडे १९९० नंतर आली. आताच्या काचेतून मासा रुळावरच्या गाडीसारखा सरळ जातो.

‘ह्यांना मी म्हटलं होतं, काच वाकडी आणलीत. तर म्हणाले, काच नाही, मासा लाजतोय.’

मुलगा फोनमध्ये बघत होता तो थांबला. ही गोष्ट त्यानं ऐकली नसावी.

मी मागच्या काचेकडे वळलो. तीच जात, त्याच मापाची. तिच्यावर कधी घासणी फिरलेली नव्हती, कारण तिला गॅलरीच्या रंगाचा निळा कागद चिकटवलेला होता. एक कोपरा सोलून नख फिरवलं. गुळगुळीत. कडेला टवका नाही. मग सांगितलं: चौकट तीच, कडप्पा तोच, मागची काच पुढे, पुढची भंगारात, मागे नवी. काचा एकमेकींना सिलिकॉननं आतून जोडायच्या म्हणजे पाणी धरण्याचं काम लांबीकडे राहणार नाही. लोखंड नुसतं अंगरख्यासारखं बाहेरून. कडप्पा चुनखडीचाच दगड, पाण्यात थोडा जडपणा सोडेल, पण तो गप्पी-मोलींना मानवतो. ठेवायची मात्र बैठकीच्या खोलीत, भिंतीलगत, तुळईजवळ. पाणी, दगड, लोखंड मिळून अडीचशे किलोच्या पुढे जाईल आणि घरगुती स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात.

‘गॅरंटी?’ मुलानं विचारलं.

‘माझ्या सांध्यांची देतो. पन्नास वर्षांच्या काचेची नाही.’

विचार करून कळवतो म्हणाले. काकूंनी निघताना दोन कांदे हातात ठेवले. का, ते विचारलं नाही.

२.१०

जेवण. गॅरंटीचा विषय निघाला की मला कल्याणची चार फुटी टाकी आठवते. कोपऱ्यातून थेंब येत होता, घरमालक गळ्यातला, म्हणाला नवी नको, एवढंच बुजव. मी जुन्या सिलिकॉनवर नवं थापलं. वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. बाराव्या रात्री पट्टी सुटली. अडीचशे लिटर पाणी खालच्यांच्या छतातून पलंगावर. आतला ऑस्कर मासा बादलीत वाचला, माझे तीन महिन्यांचे पैसे वाचले नाहीत, आणि ते द्यायलाच हवे होते. तेव्हापासून ठिगळ लावत नाही. उघडायची तर पूर्ण, नाहीतर हात लावायचा नाही. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे.

काकूंचं ते तारापोरवाला १९५१ सालचं. २०१५ मध्ये नवं होऊन उघडलं तेव्हा मधून ॲक्रिलिकचा बोगदा काढला होता, डोक्यावरून मासे जाणारा. मुलीला घेऊन गेलो होतो. ती मासे बघत होती, मी सांधे.

३.३०

दुपारभर एक जुनी टाकी सोडवली. बारीक पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधायची आणि कोपऱ्यातून करवतीसारखी ओढायची. तार पुढे सरकते तसा रबरासारखा चर्रर् आवाज येतो, आणि मग काच एकाएकी हलकी होऊन हातात येते. त्या क्षणाला मदतीचा पोरगा गाफील राहिला तर पाय जातो, म्हणून तो काच धरून असतो आणि मी बडबड बंद ठेवतो. मग ब्लेड, मग स्पिरिट, मग पुन्हा ब्लेड. काचेवर जुन्या सिलिकॉनची अदृश्य साय उरते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवला की पाणी तिथून पळतं, तेव्हा ती कुठे आहे ते कळतं.

पोरगा हार्डवेअरमधून बाथरूमचं सिलिकॉन घेऊन आला होता. बुरशी न धरणारं. परत पाठवलं. बुरशीला मारणारं औषध माशालाही सोडत नाही.

७.४०

फोन. मुलगाच. ‘आई म्हणते मागची पुढे करा.’ मग थोडं थांबून, ‘आणि त्या काचेला पॉलिश वगैरे मारू नका.’

मंगळवारी टेम्पो पाठवतो म्हटलं. मागच्या काचेचं माप काचवाल्याला लगेच कळवलं: अँगलच्या आत बसायला चारही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर कमी, काठ घासून.

१०.५०

गच्चीवर टॉर्च घेऊन. थंडी पडलेली, टाकीचं पाणी काळं दिसतंय. वर्तमानपत्र तीन बाजूंनी कुरकुरीत कोरडं. चौथ्या बाजूला, मागच्या डाव्या कोपऱ्याखाली, रुपयाएवढा ओला डाग. सांध्यावरून बोट फिरवलं, कोरडं. पुन्हा फिरवलं. सकाळी पाइप काढताना तिथे पाणी सांडलं होतं का, आठवत नाही. दव म्हणावं तर बाकी कागद कोरडा आहे. बाजूनं हलकेच तो कागद ओढून काढला, आजच्या पेपराचं पान घडी करून आत सरकवलं, कडेवर लिहिलं: १०.५५.