स्मृतिभ्रंशाचे संशोधन आणि संशोधक
स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून स्मरण, भाषा व निर्णयशक्ती क्षीण करणाऱ्या लक्षणांचा समूह आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण असलेल्या अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे अमिलॉइड हे प्रथिन हटवणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला खरा. परंतु १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक जेमतेम ०.४५ गुणांचा होता, शिवाय काही रुग्णांच्या मेंदूत सूज वा रक्तस्राव आढळल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो, हे उत्साही बातम्यांत सहसा येत नाही. अधिक प्रभावी उपचार शोधायचे तर संशोधक टिकायला हवेत; त्यासाठी ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटीसारख्या संस्था नवोदित संशोधकांना फेलोशिप, म्हणजे ठरावीक मुदतीचे वेतन व संशोधनखर्च, देतात. असा आधार नसला तर अल्पमुदतीच्या करारांना कंटाळून अनेक जण हे क्षेत्रच सोडतात.