ट्रकची पुढची चाके केव्हा जोर लावतात?

सायकलच्या दोन्ही चाकांना पाणी लावा आणि कोरड्या मैदानावर एक गोल वळण घ्या. जमिनीवर दोन ओल्या रेषा उमटतील. पुढच्या चाकाची रेषा बाहेरून गेलेली दिसेल आणि मागच्या चाकाची आतून. म्हणजे वळणावर तेवढ्याच वेळात पुढच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. अर्थात ते अधिक वेगाने फिरते. ही गोष्ट लक्षात ठेवा. लष्करी ट्रकच्या रचनेतील एक मोठी अडचण तिच्यातूनच निर्माण होते.

साध्या ट्रकमध्ये इंजिनाची शक्ती फक्त मागच्या चाकांना मिळते. पुढची चाके नुसती घरंगळत जातात. पण चिखलात मागची चाके जागच्या जागी फिरू लागली, की ट्रक रुतलाच! आघाडीवर अन्न, पेट्रोल आणि दारूगोळा नेणारा ट्रक असा अडकून कसा चालेल? म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जी.एम.सी. कंपनीच्या अडीच टनी ट्रकांमध्ये पुढच्या चाकांनाही शक्ती देण्याची सोय केलेली होती. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये वेगाने पुढे सरकणाऱ्या सैन्याला याच ट्रकांनी रसद पोचवली.

मग पुढची चाके इंजिनाला कायमचीच का जोडू नयेत? सायकलच्या त्या रेषा आठवा. पुढची व मागची चाके एकत्र जखडली, तर दोघांनाही सारख्याच वेगाने फिरावे लागेल. चिखलात चाके थोडी घसरतात आणि फरक भरून निघतो. पक्क्या रस्त्यावर मात्र ती घसरत नाहीत. मग शक्ती वाहणाऱ्या दांड्यांना पीळ बसतो, टायर झिजतात आणि ट्रक वळवणे जड जाते.

जी.एम.सी. ट्रकमध्ये यासाठी एक दांडी होती. गिअरपेटीतून आलेली शक्ती पुढे-मागे वाटून देणाऱ्या दंतचक्रांच्या पेटीला ‘ट्रान्स्फर केस’ म्हणतात. दांडी ओढली, की या पेटीतील दातेरी भाग सरकून पुढचा दांडा जोडला जाई. पण चिखल येण्यापूर्वी ती ओढायला आणि रस्ता लागताच सोडायला चालकाने विसरता कामा नये!

हे काम यंत्रानेच केले तर? १९५० पासून आलेल्या अमेरिकेच्या एम-३५ मालिकेतील सुरुवातीच्या ट्रकांमध्ये तशी युक्ती होती. तिचे नाव ‘स्प्रॅग क्लच’. एकात एक बसलेल्या दोन कड्यांच्या फटीत पोलादाचे छोटे तुकडे किंचित कलते बसवलेले असतात. एका दिशेने ते आडवे कलतात आणि कडी मोकळी फिरतात. उलट दिशेने तुकडे उभे होऊन पाचरीसारखे आवळतात आणि दोन्ही कडी एक होतात. सायकलचे फ्रीव्हील असेच एका दिशेने मोकळे, दुसऱ्या दिशेने पक्के असते.

आता खरी गंमत पाहा. इंजिनाकडून पुढच्या बाजूला मिळणारा वेग मुद्दामच किंचित कमी ठेवलेला असतो. त्यामुळे एरवी पुढची चाके रस्त्यावर घरंगळताना इंजिनाच्या पुढेच राहतात आणि क्लच मोकळा असतो. वळणावर तर ती आणखी वेगाने फिरतात. चिखलात मागची चाके घसरली, की इंजिनाकडचे कडे जोराने फिरू लागते. ट्रक मात्र मंदावलेला असतो. मागे पडलेले कडे पुढच्या चाकांना गाठते, तुकडे आवळतात आणि त्याच क्षणी पुढची चाके ट्रक ओढू लागतात. पकड परत मिळाली, की क्लच आपोआप सुटतो!

ट्रक मागे घेताना मात्र सगळ्या दिशा उलटतात. म्हणून उलटा गिअर टाकताच क्लचची दिशाही बदलणारी जोडणी करावी लागली. ती नीट बसलेली नसेल, तर क्लच नको तेव्हा आवळे. मागाहूनच्या अनेक ट्रकांमध्ये हे काम पुन्हा चालकाच्या हाती आले; पण आता दांडी ओढण्याऐवजी दाबलेली हवा पुढचा दांडा जोडून देई.

जाता जाता एक प्रश्न. स्प्रॅग क्लच असलेला ट्रक घाटातून उतरत आहे आणि चालकाने पेट्रोल किंवा डिझेल कमी केले आहे. इंजिनाचा अटकाव पुढच्या चाकांपर्यंत पोचेल का? सायकलवरून उतार उतरताना पायडल थांबवा आणि चाकाकडे पाहा. उत्तर तिथेच आहे.