चाँदरातीनंतरचे अकरा महिने

रमजानचा चाँद दिसला की व्यसनाने पोखरलेल्या घरातही आशा जागी होते. वर्षभर पिणारा माणूस सहरीला उठतो, रोजा धरतो, तरावीहच्या नमाजला जातो. बायको मनात म्हणते, सुटलं वाटतं. शेजारच्या हिंदू घरात हीच आशा श्रावणात जागी होते. एका घरात ती चाँदरातीला मोडते, दुसऱ्या घरात श्रावण सरल्यावर. मग दोन्ही घरांत एकच प्रश्न उरतो: महिनाभर जमलं, तर पुढे का जमत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त बोचतो तो पैसा अचानक आलेल्या आणि तितक्याच झपाट्याने गेलेल्या घरात. मराठवाड्यात असा पैसा बहुधा जमिनीतून येतो. कुठे महामार्गात शेत जाते, कुठे प्रकल्पात, कुठे शहर वाढत वाढत बांधापर्यंत येते. कापूस-सोयाबीनच्या पट्टीवर वर्ष काढणाऱ्याच्या खात्यात एकदम मोठी रक्कम जमा होते. जमीन थोडे देते, पण दरवर्षी देते. मोबदला एकदाच मिळतो. शिवाय शेताबरोबर शेतातले कामही जाते. सकाळी उठून जायचे कुठे, हा प्रश्न नवी गाडी सोडवत नाही. हाती पैसा, दिवस रिकामा आणि भोवती नवे मित्र, अशा वेळी पहिला पेला किंवा पहिली पुडी कोणी विकत घेत नाही. ती कोणीतरी प्रेमाने पुढे करतो.

बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांची कहाणी देशाला ठाऊक आहे. रोजगार हमी योजनेत संगणकचालक म्हणून तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या या तरुणाने २०११ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त पाच कोटी रुपये जिंकले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी स्वतःच समाजमाध्यमावर लिहिले की, जिंकल्यानंतरचा काळ त्यांच्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ ठरला. सत्कार-समारंभांना हजेरी, लोकांना दाखवण्यासाठी सुरू केलेले धंदे, मदतीच्या नावाखाली झालेली फसवणूक आणि पुढे दारू-सिगारेट. माणसे ओळखायला शिका, उद्याचा विचार करा, असे पत्नी सांगत राहिली. त्यांना ते पटत नव्हते. खटके वाढत गेले आणि गोष्ट घटस्फोटाच्या विचारापर्यंत पोहोचली. ते सावरले. त्यांच्याच सांगण्यानुसार २०१६ मध्ये दारू सुटली, २०१९ मध्ये सिगारेट. पुढे त्यांनी शिक्षकी आणि झाडे लावण्याचे काम हाती घेतले.

त्यांच्या घरात सावध करणारा एक आवाज शिल्लक होता. काही घरांत तोही राहत नाही. नवरा घराबाहेर जाऊ नये म्हणून बायको त्याच्यासोबत बसते. कधी देणेकऱ्यांच्या धास्तीने झोप उडते आणि गोळी सुरू होते. नशेसाठी खपणाऱ्या झोपेच्या गोळ्यांना मराठवाड्यात ‘बटन’ म्हणतात. मेफेड्रोन म्हणजेच एमडी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. आज ते लहान शहरांपर्यंत पोहोचले आहे. पुरुषाचे पिणे गल्लीला दिसते, बाईचे व्यसन मात्र घरच झाकते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के आढळल्या. संख्या कमी असल्याने त्या बाईसाठी उपचाराची सोयही कमी आणि लाज मात्र दुप्पट. दोघेही त्यात अडकले की दागिने, प्लॉट, गाडी या क्रमाने घर रिकामे होते. मुलांची फी कोणी भरायची, हे मग आजी-आजोबांच्या गळ्यात पडते.

नातेवाइकांचा पहिला उपाय असतो पहारा. पैसे काढून घ्या, मोबाइल काढून घ्या, खोलीला कडी लावा. हा उपाय दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वी करून झाला आहे. अकबराचा मुलगा शहजादा दानियाल दख्खनच्या कारभारावर असताना दारूत बुडाला होता. त्याचे सासरे अब्दुर्रहीम खानखाना यांनी त्याच्याभोवती पहारा बसवला. दानियालने नोकरांना गळ घातली आणि बंदुकीच्या नळीतून दारू आत आली. नळीतला गंज मिसळलेली ती दारू पिऊन शहजादा बुऱ्हाणपुरात मेला. ही हकिकत त्याचा भाऊ जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. साम्राज्याच्या पहारेकऱ्यांना जे जमले नाही, ते दाराच्या कडीला कसे जमेल?

जहांगीरने स्वतःबद्दलही लपवलेले नाही. वयाच्या अठराव्या वर्षी सुरू झालेली दारू दिवसाला वीस पेल्यांवर गेली. हात इतके थरथरू लागले की पेला दुसऱ्याने धरावा लागे. तेव्हा हकीम हुमामने स्पष्ट बजावले, असेच चालले तर सहा महिन्यांत इलाज उरणार नाही. त्याने हकिमाचे ऐकले आणि काही वर्षांत पेले कमी करत आणले. अफू मात्र राहिली. एक नशा गेली की दुसरी तिची जागा घेते, हा धोकाही याच नोंदीतून दिसतो. तरी दोन भावांमधला फरक साधा आहे. एकाभोवती पहारेकरी होते, दुसऱ्याजवळ खरे बोलणारा हकीम होता.

इस्लाममध्ये नशा हराम आहे, हे सर्वांना माहीत असते. ती मनाई कशी आली, हे फारसे सांगितले जात नाही. कुरआनात आधी दारू-जुगाराचा फायद्याहून मोठा तोटा दाखवला गेला, मग नशेत नमाजजवळ येऊ नये असे सांगितले गेले आणि शेवटी सूरह माइदामध्ये दारू व जुगार या दोन्हींवर पूर्ण बंदी आली. बंदी ठाम आहे, पण माणसाला तिथपर्यंत पायरीपायरीने नेले गेले. व्यसनी माणसाच्या घरच्यांनी या क्रमाकडे जरूर पाहावे.

रोजा हा उपचार नाही. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरकाप, भ्रम, फेफरे असा त्रास होऊ शकतो आणि तो जिवावरही बेततो. अशा माणसाने रमजानच्या आधीच डॉक्टरांना गाठावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे; ते रोजे नंतर पूर्ण करता येतात. मात्र रमजान एक गोष्ट दाखवून देतो. ठरलेल्या वेळी उठणे, ठरलेल्या वेळी खाणे, रात्री चार माणसांत उभे राहणे, एवढ्याने पिणाऱ्याचा दिवस भरतो. चाँदरातीनंतर तोच दिवस पुन्हा रिकामा होतो. आशा मोडते ती तिथे.

हा रिकामा दिवस भरण्याचे काम पुण्यात एका जोडप्याने सुरू केले. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ उभे केले, त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली. तिथला उपचार काही आठवडे चालतो, पण खरा भर नंतरच्या पाठपुराव्यावर आणि कुटुंबाच्या सहभागावर असतो. स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. व्यसन हा आजार आहे आणि तो सगळ्या घराला होतो, हे तिथे गृहीत धरलेले असते.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण उपचार टाळतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती लावायला धर्म विचारला जात नाही.

रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो. निसाबाइतकी रक्कम एक चांद्रवर्ष हाती राहिली तर अडीच टक्के द्यायचे असतात. या हिशेबातले ‘एक वर्ष’ मोबदला मिळालेल्या प्रत्येक घराने, मग ते कुठल्याही धर्माचे असो, मनावर घ्यावे. वर्षभर त्या रकमेला हात लावायचा नाही. कोणती माणसे जवळ येतात ते बघायचे आणि नवरा-बायकोने मिळून ठरवायचे. कर्जात बुडालेल्याचाही जकातीवर हक्क आहे. उद्ध्वस्त झालेल्या अशा घराला मदत करताना रोख हाती देण्याऐवजी मुलांची फी, औषधाचे बिल, दवाखान्याचे भाडे थेट भरता येते.

ईदच्या दिवशी शीरखुर्म्यासाठी सगळ्या गल्लीत बोलावणी जातात. व्यसनातून उठू पाहणाऱ्या जोडप्याचे दार त्यातून वगळले जाऊ नये. आणि ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी कोणीतरी त्या दोघांना दवाखान्यात सोबत न्यावे. पुढचे अकरा महिने तिथून सुरू होतात.