हिमोफिलियाग्रस्त मुलगा आणि मैदान

हिमोफिलिया 'ए' या आनुवंशिक विकारात रक्त गोठविणारा आठवा घटक अपुरा असतो. पालक बहुधा खरचटण्याला भितात. वस्तुतः खरी हानी गुडघा, घोटा व कोपर यांच्या आत, नजरेआड होणाऱ्या रक्तस्रावाने होते. वारंवार रक्त साचले की सांधा कायमचा आखडतो. तथापि मुलाला घरात बसवून ठेवणे हा उपाय नव्हे, कारण बळकट स्नायूच सांध्याला आधार देतात. पोहणे, सायकल चालविणे अवश्य असावे. कबड्डी व कुस्ती मात्र नको. मुलगा ऐकेलच असे नाही, हेही गृहीत धरावे! सांध्यात झिणझिण्या वा ऊब जाणवताच, सूज येण्याची वाट न पाहता, घटक द्यावा. वेदनेसाठी ॲस्पिरिन कदापि देऊ नये.

आता हिशेब. प्रति किलो एक युनिट दिल्यास घटकाची पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे २० किलोच्या मुलात ती ४० टक्क्यांनी वाढविण्यास ४०० युनिटे लागतात, आणि साधारण १२ तासांच्या आतच ती निम्म्यावर येते. रक्तस्राव होऊच नये यासाठी तीव्र विकारात आठवड्यातून दोन-तीनदा मात्रा द्यावी लागते. मुलाचे वजन वाढेल तसा खर्चही वाढतो. म्हणूनच एकरकमी देणगीपेक्षा वार्षिक देणगीचे आश्वासन द्यावे, अशी देणगीदारांना नम्र विनंती आहे.