नवे मूत्रपिंड जपताना फुप्फुसाकडेही लक्ष असू द्या

मूत्रपिंड बदलले म्हणजे माणूस सुटला, अशी आपल्याकडे समजूत आहे. डायलिसिसच्या फेऱ्या थांबतात, पाणी मोजून प्यावे लागत नाही, हे खरेच. पण परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात, त्या प्रतिकारशक्तीलाच लगाम घालतात. एरवी निरोगी माणसाला ज्यांचा पत्ताही लागत नाही, असे जंतू मग डोके वर काढतात.

त्यातलीच एक बुरशी न्यूमोसिस्टिस यिरोवेत्सी. नाव अवघड, पण लहानपणीच आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी गाठ पडलेली असते. १९०९ साली ब्राझीलच्या कार्लोस शागास यांना ती दिसली, तेव्हा त्यांना तो दुसऱ्याच एका परजीवीचा प्रकार वाटला. ही बुरशी आहे हे जनुकीय तपासणीतून १९८८ साली सिद्ध झाले. गंमत अशी, की बुरशीवरची नेहमीची बरीच औषधे हिच्यावर चालत नाहीत. चालते ती सल्फा गटातली जुनी, स्वस्त गोळी : को-ट्रायमोक्साझोल.

ही बुरशी एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हवेतून जाते. नेदरलँड्समधल्या लायडनच्या रुग्णालयात मार्च २००५ पासून वर्षभराच्या आत मूत्रपिंड बदललेल्या २२ रुग्णांना हा न्यूमोनिया झाला. जनुके तपासली तेव्हा बहुतेकांत एकाच जातीची बुरशी सापडली. पुढे जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलियातही असे उद्रेक झाले. अनेक ठिकाणी धागा सापडला तो ओपीडीत : रुग्ण एकाच दिवशी, एकाच खोलीत नंबराची वाट पाहत बसलेले. बहुतेकजण त्या वेळी ही गोळी घेत नव्हते. काहींच्या शस्त्रक्रियेला तर वर्षे उलटून गेली होती.

हे वाचले तेव्हा मला आमचीच ओपीडी आठवली. धाकट्या भावाला मी माझे मूत्रपिंड दिले आहे, त्यामुळे त्या बाकांवर मीही पुष्कळ बसले आहे. बेळगाव, चंदगड, खानापूरहून पहाटेच्या एसटीने आलेली माणसे, खांद्याला खांदा लावून. एकमेकांना क्रिएटिनीन विचारायचे, डबा वाटून खायचा. ही माया मोडावी असे कुणाला वाटेल? पण खोकणाऱ्याने मास्क लावून वेगळे बसावे, आणि तशी जागा मागायला संकोचू नये.

मूत्रपिंड बदलल्यावर साधारण तीन ते सहा महिने ही गोळी देतात. नकारासाठी औषधे वाढवावी लागली तर पुन्हा सुरू करतात. नेमकी हीच गोळी घरात आधी बंद होते. आमची वहिनी म्हणाली होती, "वन्सं, ताप नाही, खोकला नाही, मग ही कशाला?" आजार होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीचे असेच असते, तिचे काम दिसत नाही. मात्र ती प्रत्येकाला सोसतेच असे नाही. सल्फाची ॲलर्जी असू शकते, पोटॅशियम वाढू शकते. तेव्हा दुसरे औषध असते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानदाराने नव्हे, शेजारच्या काकूंनी तर नव्हेच.

लक्षणे फसवी असतात. कोरडा खोकला, ताप, आणि जिना चढताना लागणारी धाप. छाती तपासली तर आवाज साफ, सुरुवातीचा एक्स-रेही कधी कधी साफ. म्हणून बसल्या जागी ऑक्सिजन ठीक दिसला तरी थोडे चालल्यावर पुन्हा मोजून पाहावा. तो उतरला तर ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. खात्री होते ती फुप्फुसात दुर्बीण घालून काढलेल्या द्रवाच्या तपासणीत.

शनिवारी धाप लागली तर सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबू नये. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. गावातल्या डॉक्टरांकडे जावे लागलेच, तर चालू गोळ्यांची चिठ्ठी आधी त्यांच्यापुढे ठेवावी. काही अँटिबायोटिक्समुळे टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण एकदम वाढते, आणि खोकल्यावरचा इलाज मूत्रपिंडाच्या मुळावर येतो.