कायनेज विकरांचे नियमन आणि रक्ताचा कर्करोग

प्रस्तावना :
पेशींची वाढ, विभाजन व मृत्यू या क्रिया रासायनिक संकेतांनुसार घडतात. हे संकेत पेशीच्या अंतर्भागात पोहोचविण्यात कायनेज विकरांचा मोठा वाटा असतो. एटीपीमधील फॉस्फेट गट दुसऱ्या प्रथिनास जोडून ते त्याची क्रियाशीलता बदलतात. फॉस्फटेज विकर तोच गट काढून घेतात. हे नियमन ढळल्यास काय घडते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' हा रक्ताचा कर्करोग होय.

विकृतीचे मूळ :
पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांना १९६० मध्ये या रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. शोध ज्या शहरात लागला त्यावरून त्यास 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' हे नाव मिळाले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे कारण असल्याचे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखविले. या अदलाबदलीत बीसीआर व एबीएल ही जनुके जोडली जातात. एबीएल कायनेजच्या एका प्रमुख रूपात टोकाशी मिरिस्टिक आम्लाचा अंश असतो. तो त्याच प्रथिनातील खाचेत बसून विकरास निष्क्रिय ठेवतो. संयुक्त प्रथिनात हे टोकच उरत नाही. शिवाय बीसीआरच्या भागामुळे हे रेणू एकत्र येऊन परस्परांस क्रियाशील करतात. परिणामी बाह्य संकेत नसतानाही विभाजनाचा आदेश अखंड मिळत राहतो आणि अस्थिमज्जेत श्वेतपेशींची बेसुमार वाढ होते.

उपचार व प्रतिरोध :
एटीपीची जागा अडविणाऱ्या इमॅटिनिब या औषधास अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. एकेकाळी बहुतेक रुग्णांना काही वर्षांतच मृत्यूकडे नेणारा हा रोग त्यामुळे आटोक्यात आला. रोगाच्या पहिल्या अवस्थेत हे औषध सुरू केलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरच्या हयातीचे प्रमाण सुमारे ८३ टक्के असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. तथापि, विकरातील ३१५ व्या स्थानी थ्रिओनीनऐवजी आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल आल्यास इमॅटिनिब तेथे बसू शकत नाही व रोग पुन्हा बळावतो. अशा रुग्णांसाठी २०१२ मध्ये पोनॅटिनिब उपलब्ध झाले. २०२१ मध्ये मान्यता मिळालेले ॲसिमिनिब मात्र एटीपीच्या जागी न बसता मिरिस्टिक आम्लाच्या रिकाम्या खाचेत बसते.

समारोप :
विकृतीत हरवलेले नैसर्गिक कुलूपच अशा रीतीने औषधरूपाने परत बसविले गेले. तरीही काही कर्करोगी मूलपेशी या कायनेजवर विसंबून न राहता तग धरतात. म्हणून अनेक रुग्णांना औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. विकर केवळ थांबविणे पुरेसे नसून त्याचे नियमन समजून घेणे आवश्यक आहे, हेच यावरून स्पष्ट होते.